घरच्या घरी हॅम रेडिओचा अँटेना कसा उभारायचा? तारेची लांबी, पाइपाचे ताण, अर्थिंग आणि विजेच्या तारेपासूनचं अंतर – सविस्तर माहिती

मोबाइलचा टॉवर बंद पडला की गाव मुकं होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि बाहेरच्या नातेवाइकांना आपली माणसं कुठे आहेत ते कळेना. अशा वेळी जे यंत्र मधल्या कुठल्याही टॉवरशिवाय, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतं ते म्हणजे हौशी रेडिओ, ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात. २००१ च्या भूज भूकंपात आणि डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं होतं.

आता आपल्याकडच्या तालुक्यांतही पोरं याची परीक्षा देऊ लागली आहेत. परीक्षा पास होतात, सेट घेतात, आणि घोडं अडतं ते अँटेनावर. सेट विकत मिळतो, अँटेना मात्र आपल्या जागेप्रमाणे आपल्यालाच उभारावा लागतो. महागड्या सेटला वाईट अँटेना जोडला तर उपयोग शून्य, आणि साध्या सेटला चांगला अँटेना जोडला तर चार जिल्ह्यांपलीकडे आवाज जातो. म्हणून ही माहिती.

आधी परवाना

प्रक्षेपण करायचं, म्हणजे बटण दाबून बोलायचं, तर परवाना लागतोच. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा देते. वय किमान १२ वर्षं पाहिजे. परीक्षा दोन प्रकारची आहे, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड लागत नाही, त्याचं कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं. जनरलचं व्हीयू२ ने. (माजी पंतप्रधान राजीव गांधी हॅम होते, त्यांचं कॉलसाइन व्हीयू२आरजी.) अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. फी आणि नियम बदलत असतात, ते तिथेच बघून घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी घेऊन परवान्याशिवाय बोलत बसणं गुन्हा आहे, मग ते शेतात राखणीला वापरत असाल तरीही.

लांबीचं गणित अवघड नाही

रेडिओची लहर किती मीटर लांब आहे ते काढायला ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचं. ७.१ मेगाहर्ट्झची लहर साधारण ४२ मीटरची, म्हणून त्या पट्ट्याला हॅम लोक ४० मीटर बँड म्हणतात. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची, म्हणून तो दोन मीटर बँड. आपल्याकडे नवीन माणसाची सुरुवात बहुतेक या दोनांतच होते.

सगळ्यांत सोपा अँटेना म्हणजे डायपोल. अर्ध्या लहरीएवढी तार घ्यायची, बरोबर मध्ये कापायची आणि त्या कापलेल्या जागी केबलची दोन टोकं जोडायची. तारेची एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला फ्रिक्वेन्सीने भागा. ७.१ साठी उत्तर येतं सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर, आपल्या भाषेत ३३ फूट. हिशोबाने अर्धी लहर २१ मीटर यायला हवी होती, पण प्रत्यक्ष तारेत ती चार-पाच टक्के आखूडच पुरते. तारेवर प्लास्टिकचं आवरण असेल तर आणखी दोन-तीन टक्के कमी लागते. म्हणून कापताना नेहमी प्रत्येक बाजूला एक फूट जास्त ठेवा. कापलेली तार वाढत नाही.

तार कोणती? घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालते. मऊ तांबं ताणावर लांबतं, त्यामुळे महिनाभराने लांबी पुन्हा मोजावी लागते. टोकाला इन्सुलेटर म्हणून ठिबकच्या १६ मिमी नळीचा वीतभर तुकडा झकास काम करतो. ती काळी नळी उन्हाला टिकावी म्हणूनच बनवलेली असते आणि शेतात तिचे तुकडे पडलेलेच असतात. टोकाला बांधायला सुतळी नको, पावसाने कुजते. नायलॉनचा दोर चालेल, पण उन्हाने तो दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होतो हे लक्षात ठेवा.

एका बांबूवर काम भागतं

डायपोल सरळ आडवा टांगायला दोन उंच खांब लागतात. ते नसतील तर मधला भाग एका बांबूवर चढवायचा आणि दोन्ही बाजू उतरत्या सोडायच्या. उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. दोन्ही तारांमधला कोन काटकोनापेक्षा कमी होऊ देऊ नका, १२० अंशांच्या आसपास असला तर उत्तम. मधली उंची २५ ते ३० फूट मिळाली तरी ४० मीटर बँडवर छान काम होतं.

इथे एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं अँटेना जेवढा उंच तेवढं चांगलं. ४० मीटर बँडवर कमी उंचीचा डायपोल लहरी जवळजवळ सरळ वर फेकतो, त्या वरच्या थरावरून परत खाली येतात आणि दिवसा आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत पसरतात. मध्ये डोंगर असो की घाट, फरक पडत नाही, कारण लहर वरून खाली येते. पुराच्या, दरडीच्या वेळी आपल्याला नेमकं हेच पाहिजे असतं: तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला. त्यासाठी टॉवरची गरज नाही. माझ्या मते खेड्यातल्या नव्या हॅमने पहिलं वर्ष बांबू आणि तारेवरच काढावं.

बांबू भरीव, जून घ्या. बुडाचा चार फूट भाग डांबरात बुडवून घेतला तर वाळवी लवकर लागत नाही. वर कप्पी बांधून दोर ओवून ठेवा, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला बांबू खाली घ्यावा लागत नाही.

तारेची खालची टोकं जमिनीपासून निदान दहा फूट वर ठेवा. बोलताना डायपोलच्या टोकांवर जास्त व्होल्टेज असतं, हात लागला तर चटका बसून खोल भाजतं. अंगणात लेकरं खेळतात, दावणीला जनावरं असतात, कपडे वाळत घातले जातात. ही दोरी कपड्यांची नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

केबल जोडते त्या ठिकाणी थोडं खाली, केबलचेच दहा-बारा वेढे चार इंची पीव्हीसी पाइपावर शेजारी शेजारी गुंडाळून पट्टीने बांधा. याने केबलच्या बाहेरच्या जाळीवरून रेडिओचा प्रवाह घरात उतरत नाही. नाही तर बोलताना माइक ओठाला चावतो आणि शेजारच्या टीव्हीत आपला आवाज येतो.

दोन मीटरचा अँटेना एका दुपारी होतो

गावातल्या गावात, शेजारच्या तालुक्यात किंवा डोंगरावरच्या रिपीटरवर बोलायला दोन मीटर बँड लागतो. भारतात तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. याचा अँटेना हातभर असतो.

एक चौकोनी सॉकेट मिळतो, ज्याला चार कोपऱ्यांत भोकं असतात. दुकानात एसओ-२३९ मागा. अर्थिंगला वापरतात ती ८ गेजची भरीव तांब्याची तार घ्या. एक ४९ सेंटिमीटरचा तुकडा सॉकेटच्या मधल्या पिनवर उभा डाग देऊन बसवा. चार तुकडे ५१-५२ सेंटिमीटरचे चार भोकांत नट-बोल्टने कसा आणि ४५ अंशात खाली वाकवा. चार पायांचा, एका शिंगाचा प्राणी तयार होतो. तिरके पाय दिल्यामुळे तो ५० ओहमच्या केबलला आपोआप जुळतो. सॉकेटच्या वरच्या बाजूला एमसील लावून पाणी बंद करा आणि हा प्राणी पीव्हीसी पाइपाच्या तोंडाशी बसवून केबल पाइपातून खाली सोडा.

याच अँटेनावर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं १४५.८०० मेगाहर्ट्झचं प्रक्षेपण, ते सुरू असेल तेव्हा, स्थानक डोक्यावरून जाताना ऐकू येतं. कधी कधी तिथून चित्रंही पाठवली जातात. शाळेतल्या मुलांना दाखवायला यासारखी गोष्ट नाही.

ज्यांच्याकडे रामायण-महाभारताच्या काळातला दूरदर्शनचा आडव्या दांड्यांचा अँटेना माळ्यावर पडून आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये. तो यागी जातीचा असतो. जपानचे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२० च्या दशकात शोधलेली ती रचना आहे. त्याचे ॲल्युमिनियमचे पाइप कापून दोन मीटरचा तीन दांड्यांचा यागी बनतो: मागचा साधारण १०३ सेंटिमीटर, मधला ९८, पुढचा ९३, आणि दोन दांड्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर. केबल फक्त मधल्या दांड्याला, तोही मध्ये कापून. हा अँटेना एकाच दिशेला जोर लावतो, त्यामुळे एखाद्या लांबच्या रिपीटरवर रोखून ठेवायला चांगला. दांड्या उभ्या ठेवा, कारण रिपीटरचे अँटेना उभे असतात. टीव्हीसाठी आपण त्या आडव्या ठेवायचो.

केबल खाते त्याचा हिशोब

साधी बारीक आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झवर १०० मीटरला सुमारे २० डेसिबल खाते. म्हणजे ३० मीटर केबल टाकली तर सेटमधून निघालेल्या शक्तीचा फक्त चौथा हिस्सा वर पोहोचतो. ५ वॅटच्या हातातल्या सेटचे सव्वा वॅट उरले. जाड आरजी-२१३ मध्ये तेवढ्याच लांबीत अर्ध्याहून थोडी जास्त शक्ती पोहोचते. ७ मेगाहर्ट्झवर मात्र हा तोटा नगण्य आहे, तिथे बारीक केबल बिनधास्त वापरा. दोन मीटरला अँटेना दहा फूट वर चढवण्याआधी केबल बदलायचा विचार करा, बऱ्याचदा तोच पैसा सार्थकी लागतो.

डिशची केबल फुकट पडलेली असते, ती वापरली तर? ती ७५ ओहमची असते. ऐकायला आणि कमी शक्तीवर डायपोलला ती चालून जाते, फक्त तिचे कनेक्टर हॅम सेटला बसवायची कटकट आहे.

केबल घरात घेताना भिंतीच्या भोकाआधी तिला खाली एक लोंबता वळसा द्या. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं ते त्या वळशाच्या तळाशी टपकतं, घरात येत नाही. कनेक्टरवर आधी चांगली रबरी टेप आणि त्यावर साधी काळी टेप. जाळीत एकदा पाणी शिरलं की ती केबल गेली, बाहेरून कितीही नवी दिसली तरी.

उंची किती पाहिजे आणि पाइप कसा उभारायचा

दोन मीटर बँडवर मात्र उंचीला किंमत आहे, कारण या लहरी बऱ्यापैकी सरळ रेषेत जातात. सपाट मुलखात अँटेनाची नजर किती किलोमीटर पोहोचते ते काढायला मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या आणि त्याला ४.१२ ने गुणा. ९ मीटर, म्हणजे ३० फुटांवर, १२ किलोमीटर. १६ मीटरवर साडेसोळा. २५ मीटरवर साडेवीस. म्हणजे उंची पावणेतीन पट केली तरी अंतर पावणेदोन पटसुद्धा वाढत नाही, खर्च आणि धोका मात्र कितीतरी पटीने वाढतो. समोरच्याचाही अँटेना ३० फुटांवर असेल तर दोघांचं मिळून २५ किलोमीटर. त्यापुढे डोंगरावरचा रिपीटर. म्हणून घरासाठी ३० ते ३६ फुटांचा पाइप पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जीआय पाइप २० फुटांचा येतो. दोन इंची पाइपात दीड इंची पाइप थोडा सैल पण नीट सरकतो. चार फूट आत घालून दोन बोल्ट आडवे-उभे आरपार मारले की ३६ फूट होतात. मध्यम जाडीचा, म्हणजे बी क्लास पाइप घ्या. दोन्हींचं वजन मिळून पन्नासेक किलो भरतं.

हा पाइप नुसता जमिनीत गाडून उभा राहत नाही. त्याला ताण पाहिजेत, वायरमनच्या भाषेत स्टे. निदान दोन पातळ्यांवर, एक वरच्या टोकाच्या थोडं खाली आणि एक मध्यावर. खुंटे पाइपाच्या उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर. ३६ फुटांना २२ ते २९ फूट. एवढी जागा नसेल तर पाइप कमी उंचीचा करा, ताण उभट करू नका. उभट ताण पाइपाला बाजूने धरत नाही, खाली दाबतो, आणि मध्ये वाकवतो. तीन बाजूंनी ताण पुरतात, पण पाइप घरीच आडवा-उभा करायचा असेल तर चार बाजूंनी घेतलेले बरे.

वाऱ्याचा जोर किती धरायचा? इमारतींसाठीच्या आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर हा मूळ वेग दिला आहे. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला एक चौरस मीटर सपाट फळीवर ९० किलोच्या वर दाब पडतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वळवाच्या वावटळीत पत्रे कसे उडतात ते आपण दरवर्षी बघतो, वेगळं सांगायला नको.

काळ्या मातीवाल्यांनी हा भाग नीट वाचा. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात नुसता ठोकलेला अँगल पहिल्या पावसात सैल होतो. खुंट्यासाठी मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम खोल असेल तर निदान चार फूट खोल खड्डा घेऊन तळाशी जाड अँगलचा किंवा दगडी खांबाचा तुकडा ताणाला आडवा ठेवा, त्याला सळई बांधून वर काढा आणि खड्डा थराथराने ठोकून भरा. द्राक्षबागेच्या कडेच्या खांबाला ताण द्यायला दगड पुरतात, तीच ही पद्धत. ज्यांनी बाग उभी केली आहे त्यांना यात शिकवण्यासारखं काही नाही. काँक्रीट केलं तर किमान आठवडाभर पाणी मारा आणि मगच ताण चढवा.

तारेला क्लिप लावताना एक चूक सर्रास होते. यू आकाराच्या क्लिपचा सपाट खोबणीचा भाग ज्या लांब तारेवर भार येतो तिच्यावर बसला पाहिजे, आणि यू बोल्ट उरलेल्या आखूड शेपटावर. उलटा लावला तर बोल्ट भाराची तार चेंगरतो आणि तिथूनच ती तुटते. प्रत्येक टोकाला तीन क्लिपा. टर्नबकल कसून झाला की त्याच्या मधून तार ओवून बांधा, नाही तर वाऱ्याच्या थरथरीने तो आपोआप उलगडतो. ताण वीणेच्या तारेसारखा टणटणीत नको. हाताने हलवला तर थोडा हलला पाहिजे. मध्ये एक-दोन ठिकाणी चिनी मातीचा अंड्यासारखा इन्सुलेटर घाला. त्यात दोन्ही फास एकमेकांत अडकलेले असतात, इन्सुलेटर फुटला तरी ताण सुटत नाही.

उभारणीसाठी बुडाला बिजागरी करा. बिजागरीची रेघ दोन बाजूंच्या खुंट्यांच्या रेषेत आली पाहिजे, म्हणजे पाइप उठताना ते बाजूचे ताण ना सैल होतात ना घट्ट. पाइप जमिनीवर लांब पसरायचा. बुडाशी दहा-बारा फुटांची मजबूत वासा-पाइपाची काठी काटकोनात उभी करायची आणि तिच्या टोकावरून दोर घेऊन ओढायचं. या काठीशिवाय नुसतं हाताने ढकलत उठवू नका. ५० किलोच्या त्या पाइपाला सुरुवातीला दोरावर ८० ते १०० किलोचा ओढा लागतो, पुढे तो कमी होत जातो. खरा धोका शेवटी असतो. पाइप सरळ होताच तो स्वतःच्या जोराने पलीकडे झुकतो. म्हणून मागचा ताण आधीच खुंट्याला मापात बांधलेला हवा. ट्रॅक्टरने ओढायचा मोह होतो, पण क्लच एकदा झटक्याने सुटला की पाइप वाकतो. चार माणसं आणि कप्पी बरी. हुकूम एकानेच द्यायचा, आणि पाइप ज्या वर्तुळात पडू शकतो त्यात बाकी कोणी थांबायचं नाही.

पाण्याच्या टाकीला, गच्चीच्या विटांच्या कठड्याला किंवा पत्र्याच्या घराच्या पाखाडीला ३६ फुटांचा पाइप बांधू नका. हातभर अँटेना आणि दहा फुटांचा पाइप असेल तर ठीक.

जाळीचा त्रिकोणी टॉवर काही जण गावातल्या वेल्डरकडून करून घेतात. वेल्डर कितीही हुशार असला तरी कुठली सळई किती भार घेईल हे गणित स्थापत्य अभियंत्याचं आहे. त्याच्याकडून नकाशा काढून घ्या, ग्रामपंचायतीला लेखी कळवा, विमानतळ किंवा धावपट्टी जवळ असेल तर उंचीची परवानगी विचारा. चढायचं तर पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा पाहिजे. नुसता कंबरेचा दोर माणूस पडल्यावर मणका मोडतो.

विजेच्या तारेपासून लांब

या लेखातली बाकी सगळी माहिती विसरलात तरी चालेल, ही नको. अँटेनाचं काम करताना माणसं मरतात ती मुख्यतः विजेच्या तारेला पाइप किंवा तार लागून. शेतावरून ११ केव्हीची लाइन जाते, गल्लीतून घरगुती लाइन जाते. ११ हजार व्होल्टला स्पर्शही लागत नाही, पाइप जवळ गेला तरी ठिणगी उडी मारते. बांबू ओला असेल तर तोही वीज वाहून नेतो.

नियम असा ठेवा: पाइपाची अँटेनासकट जी उंची, तिच्या दीडपट अंतरात कुठलीही विजेची तार नको. ३६ फुटांना ५४ फूट. पडला तर कुठेही पडू दे, तारेवर पडणार नाही. डायपोलची तार लाइनच्या वरून किंवा खालून ओलांडून नेऊ नका, कितीही अंतर असलं तरी. लाइन सध्या बंद आहे, भारनियमन आहे, हे कारण चालत नाही. वीज कधी येते ते आपल्या हातात नाही. महावितरणच्या खांबाला दोर बांधणं, त्यावर फेकलेली तार अडकवणं तर नकोच. आकडा टाकायची सवय असलेल्या हातांना हे सांगणं कठीण जातं, पण सांगितलं पाहिजे.

दगडाला दोरी बांधून झाडावरून फेकताना पलीकडे लाइन नाही ना ते आधी चालत जाऊन बघा. अपघात झालाच, पाइप तारेला लागला, तर धरलेल्या माणसाला हात लावू नका. १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला लावा आणि सगळ्यांना लांब ठेवा.

वळवाची वीज

मराठवाडा, विदर्भात एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. पाइपाच्या बुडाशी अर्थिंग करा: आठ फुटी अर्थ रॉड किंवा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वरून पाणी घालायला जागा. पाइपापासून रॉडपर्यंतची पट्टी शक्य तेवढी सरळ आणि आखूड, काटकोनात वळवू नका. वीज वळणावर उडी मारते. घराची अर्थिंग आणि ही अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडा. वेगळ्या ठेवल्या तर वीज पडली की दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या सेटमधून मार्ग काढतो.

बाजारात केबलमध्ये बसवायचे अरेस्टर मिळतात, ते लावावेत. पण थेट पडलेल्या विजेपुढे अरेस्टरही टिकत नाही. खरा उपाय म्हणजे आभाळ भरून आलं की केबल सेटपासून काढून घराबाहेर टाकणं, सेटचा वीजपुरवठाही काढणं. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही, आधीच काढायची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, आजूबाजूला वीज पडत असल्याचं ते आधी सांगतं.

जुळवणी

अँटेना उभा झाला म्हणजे जुळला असं नाही. एसडब्ल्यूआर मीटर किंवा नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावेल एवढं यंत्र लागतं. चार जणांत मिळून एक घेतलं तरी चालतं. १.५ आकडा आला तर फक्त ४ टक्के शक्ती परत येते, म्हणजे काम झालं. २ आला तर ११ टक्के, ३ आला तर २५ टक्के आणि सेटला त्रास. १.५ चा १.१ करायला दिवस घालवू नका, समोरच्याला काही फरक कळत नाही.

समजा २०.६ मीटरचा डायपोल ६.९ मेगाहर्ट्झवर जुळलेला दिसतोय आणि तुम्हाला ७.१ हवंय. २०.६ गुणिले ६.९ भागिले ७.१, उत्तर २०.०२. म्हणजे एकूण ५८ सेंटिमीटर जास्त आहे. दोन्ही बाजूंनी २९-२९ काढा. पण लगेच कापू नका, आधी मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा आणि पुन्हा मोजा.

जुळवून झाल्यावरही नुसती खरखर येत असेल तर दोष बहुतेक अँटेनाचा नसतो. सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करून ऐका. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर ही नेहमीची कारणं. दर सेकंदाला टक-टक असा आवाज येत असेल तर तो कुंपणाचा झटका मशीन आहे. त्याच्या तारेला गवत टेकलं की ठिणगी पडते आणि टक-टक वाढते, म्हणून गवत काढलं की बराच फरक पडतो. शेजाऱ्याचा झटका असेल तर बंद करायला सांगू नका. रानडुकरांपासून त्याचं पीक त्यावरच वाचतं. आपला डायपोल कुंपणाला समांतर असेल तर तो काटकोनात फिरवून बघा.

देखभाल

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास, सगळं बघून घ्या. ताणांच्या क्लिपा, टर्नबकलची तार, पाइपाच्या जोडाचे बोल्ट, खुंट्याजवळची माती, केबलवरची टेप. गंजलेला ताण एक-एक करूनच बदला, नवा लागल्याशिवाय जुना सोडायचा नाही. बांबू असेल तर बुडाशी टोचणी घालून बघा. टोचणी सहज आत गेली तर पावसाळ्याची वाट न बघता तो उतरवा.